भातकापणीतला वानप्रस्थ

परवा कामावरून येताना माझ्या स्कूटरपुढे पेंढ्याचा टेम्पो होता. इतका भरलेला की टेम्पो दिसतच नव्हता. गवताची एक गंजी स्वतःच्या पायांनी बोईसरला निघालीय असं वाटत होतं. आमच्या हवेला एरवी जो वास असतो, तो मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काम करूनही नीट सांगू शकत नाही. तापलेलं रबर, नासलेली अंडी आणि त्यावर कुणीतरी दिलदारपणे शिंपडलेलं स्वस्त अत्तर, असं काहीसं. त्या वासातून वाट काढत पेंढ्याचा वास आला. कोरडा, गोडसर, उन्हात टाकलेल्या गोधडीसारखा. घरी पोचले तर ओढणीला काड्या चिकटलेल्या. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, त्यातली एक उचलली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "कापणी लागली म्हणायची."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आतूनच म्हणाल्या, "बॅग माळ्यावर हाय. मी काढून देणार न्हाई."

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणाला न्हाईत. पण हुंगलं."

आमच्याकडे हा ऋतू असा येतो. आकाशकंदील उतरलेले असतात, फराळाच्या डब्यांत तळाशी नुसता चुरा असतो, पहाटे स्कूटरची सीट दवाने ओली होते आणि महामार्गाच्या पलीकडे, डोंगरांच्या पायथ्याशी, भाताची पिवळी खाचरं एकेक करून रिकामी होत जातात. कापलेल्या खाचरात बगळे उभे असतात, काहीतरी हरवल्यासारखे. मला तो पट्टा पाठ आहे. कारण एका वर्षी, ह्याच दिवसांत, अण्णा वानप्रस्थाश्रमात गेले होते आणि त्यांचा डबा घेऊन दर शुक्रवारी मला रानात जावं लागत होतं. शुक्रवारी, कारण आमच्याकडच्या कारखान्यांचा रविवार शुक्रवारी असतो.

अण्णा मूळचे सांगलीकडचे. मिसरूड फुटायच्या वयात इकडे आले आणि एका कारखान्यात बॉयलरवर लागले ते निवृत्त होईपर्यंत बॉयलरवरच राहिले. बॉयलरशेजारी उभं राहून माणसांना काही सांगायचं तर आवाज बॉयलरच्या वरचा लागतो. निवृत्तीनंतर बॉयलर कारखान्यात राहिला, आवाज घरी आला. अण्णा "चहा टाक" म्हणाले की शेजारच्या दोन घरांत चहा होतो. त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग एकच. एकदा वाफेचा व्हॉल्व्ह अडकला, सगळे पळाले आणि अण्णांनी हाताला ओलं पोतं गुंडाळून तो बंद केला. ही गोष्ट मी माझ्या लग्नाच्या बोलणीत ऐकली, लग्नात ऐकली, आणि मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात ऐकली. त्यात आजवर शब्दाचा फरक पडलेला नाही. अण्णांना चुकीची माहिती सहन होत नाही.

अशा माणसाला आमच्या सोसायटीने अध्यक्ष केलं. त्यांनी हातात धरायचा भोंगा आणला. सकाळी उठून खाली उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. कुणाच्या टाकीतून पाणी वाहतंय, कुणी ओला कचरा सुक्यात टाकलाय, कुणाचं पोरगं शाळेची बस आली तरी अजून दात घासतंय. हेतू शंभर टक्के चांगला. पण रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला हेतू ऐकू येत नाही, भोंगा ऐकू येतो. वार्षिक सभेत कुणीतरी अगदी नम्रपणे सुचवलं की अध्यक्षांनी यापुढे सूचना फळ्यावर लिहाव्यात. अण्णा उठले. "म्हणजे माझा आवाज नको आहे तर," म्हणाले आणि तिथेच राजीनामा दिला. त्यांची अपेक्षा होती की आता लोक "नाही नाही" म्हणतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानाने, प्रेमाने, उभं राहून वाजवल्या. त्या टाळ्या त्यांना फार लागल्या. शिव्या चालल्या असत्या.

दोन दिवस अण्णा गप्प होते. घरात कुकरची शिट्टी पहिल्यांदाच इतकी मोठी वाटली. मग त्यांनी जाहीर केलं, "आपल्याकडं या वयासाठी सांगून ठेवलंय. वानप्रस्थ. माणसांतून उठायचं आणि रानात जायचं. मी जातो."

जागा होती. त्यांच्याबरोबर काम केलेल्या शिंदेकाकांनी चिल्हार फाट्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात, हौसेने थोडी जमीन घेऊन एक पत्र्याची खोली बांधली होती. तिथे ते स्वतः एकच रात्र राहिले. सकाळी उशाशी सापाची कात मिळाली, तेव्हापासून खोलीची किल्ली मागणाऱ्याला ते किल्लीबरोबर चहाही देतात.

"शास्त्रात पत्नीला बरोबर न्यायची मुभा आहे," अण्णा आईंना म्हणाले.

"मुभाच हाय न्हवं? सक्ती न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग जाताना कचऱ्याची बादली तेवढी खाली ठेवून जा."

अण्णा बादली घेऊन वानप्रस्थाला गेले. माझा नवरा प्रकाश त्यांना गाडीने सोडून आला. त्याच्या पाळ्या सारख्या बदलत असल्यामुळे पुढचं सगळं माझ्याकडे आलं.

पहिल्या शुक्रवारी निघाले तेव्हा मी कुरकुरत होते. महामार्ग ओलांडला, ट्रकांची घरघर मागे पडली, डांबर संपलं. शेवटच्या पाड्यावर स्कूटर एका अंगणात लावली आणि पायवाटेला लागले. सागाची पानं गळायला लागली होती. एकेक पान पापडासारखं मोडत होतं. ऊन झाडांतून तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं. कुठेतरी ओल्या मातीचा, कुठेतरी रानतुळशीचा वास. आणि माझ्या लक्षात आलं की ह्या क्षणी मला कुणीही काहीही विचारत नाहीये. भाजी कोणती करायची नाही, नमुन्याचा रिपोर्ट कुठे आहे नाही, माझे मोजे कुठे आहेत नाही. मी मुद्दाम हळू चालले. पण गंमत अशी की थोडं पुढे गेल्यावर ती शांतता अंगावर यायला लागली. मागे पान वाजलं की मी वळून बघत होते. आणि मग लांबवर एक कोंबडं आरवलं आणि माझे पाय न सांगता भराभर पडायला लागले. रानात शिरताना मन हलकं होतं हे खरं. पण ते हलकं झालेलं मन कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हेही तितकंच खरं.

स्कूटर लावली ते अंगण लखमीमावशीचं. आईंच्याच वयाची वारली बाई, काटक, हसरी. तिच्या अंगणातच खळं होतं, भाताचे भारे रचलेले, शेणाने सारवलेली जमीन आरशासारखी. तिने मला आधीच विचारलं होतं, "म्हाताऱ्याकडं चाललीस काय, बाय?"

"हो. बरे आहेत ना ते?"

"बरा हाय. मौनात हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज सकाली येऊन सांगून जातो ना. काल दोन वखत आला. एकदा मौन लागला म्हून सांगाया, एकदा कवा सुटंल ते सांगाया."

अण्णा खोलीसमोर मोहाच्या झाडाखाली मांडी घालून बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डबा मी पुढे ठेवला. त्यांनी बोटांनी काहीतरी चोळल्यासारखं केलं. मी विचारलं, "तंबाखू?" त्यांनी जोरात मान हलवली. चिमूट करून वरून खाली सोडल्यासारखं केलं. "रांगोळी?" डोळे वटारले गेले. "भस्म? पाऊस? मुंग्या?" अण्णा लाल झाले. त्यांनी जीभ बाहेर काढली, तिच्याकडे बोट दाखवलं, मग कपाळावर हात मारला आणि झाडावरच्या पाखरांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मीठ! मीठ आणायला विसरलोय मी! इतकी वर्षं सून आहेस, एवढं कळत नाही?"

मौन सुटलंच होतं, तर त्यांनी विचारून घेतलं, "ती काही म्हणाली का?"

"नाही."

"काहीच नाही? मग हा डबा?"

"डबा दिला. म्हणाल्या काही नाही."

"हूं," म्हणाले आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवलं.

घरी आले तर आई दारातच. "काही म्हणाले का?"

"मीठ हवंय म्हणाले."

"येवढंच?"

"एवढंच."

आईंनी त्याच संध्याकाळी मिठाची बरणी भरून तयार ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रिकामी केली, धुतली, पुसली आणि पुन्हा भरली.

असे शुक्रवार येत गेले. दर वेळी खाचरं आणखी रिकामी, खळ्यावरचा ढीग आणखी उंच. एका शुक्रवारी मी अंगणात स्कूटर लावतेय तोच कानठळ्या बसतील असा "हाऽऽऽ" ऐकू आला आणि पोपटांचा अख्खा थवा माझ्या डोक्यावरून पळाला. बघते तर खळ्याच्या कडेला बाजेवर अण्णा बसलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मग त्यांनी एका बकरीकडे नुसतं बघून "ए" केलं. ती मागे न बघता टेकडी चढून गेली.

लखमीमावशी धान झोडता झोडता म्हणाली, "आंदी आमी पत्र्याचा डबा वाजवायचू. आता डबा नाय लागं."

"जबाबदारी दिलीय मला इथं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "सगळं खळं माझ्यावर आहे."

"आणि मौन?"

"सकाळी असतं. पाखरं यायच्या आधी." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त अंगणापुरता ठेवून, म्हणाले, "पण खरं सांगू का, इथं एकांत मिळत नाही. रानात फार माणसं आहेत गं."

ही बातमी घरी सांगावी की नाही, मला कळेना. सोसायटीचा माजी अध्यक्ष बुजगावणं झालाय, हे पत्नीला कसं सांगायचं? पण आईंनी चहा पुढे ठेवला आणि नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. बकरीचंसुद्धा. आई हसल्या. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून, मग ओट्याला धरून. आणि हसता हसता एकदम थांबल्या.

"वाळलेत का?"

"थोडे."

"हूं." त्यांनी गॅसची शेगडी पुसायला घेतली, जी स्वच्छ होती. "माझे डबे तिकडंच पडलेत सगळे. पुढच्या शुक्रवारी मी येते. डबे आणायला. त्यांना बघायला न्हवं, सांगून ठेवते."

डबे आणायला आई जरीकाठाची साडी नेसून निघाल्या. गळ्यात मोहनमाळ, तोंडाला हलकी पावडर. स्कूटरवर मागे बसताना म्हणाल्या, "धुणं वाळलं न्हवतं, म्हणून ही नेसले." दोरीवर चार साड्या वाळलेल्या मी पाहिल्या होत्या. मी स्कूटर चालू केली.

रानाशी आईंचं पहिल्यापासून पटलं नाही. गुडघे धरून चालत होत्या आणि तक्रार करत होत्या.

"येवढी झाडं कशाला लावलीत?"

"लावलेली नाहीत, आई. जंगल आहे."

"मग पाला तरी कुणी झाडत का न्हाई?"

खोलीवर पोचलो तर दार उघडं. आत गादी नीट गुंडाळलेली, भिंतीशी आईंचे सगळे डबे घासून पालथे घातलेले, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याची कळशी. अण्णा नाहीत. आईंनी डब्यांकडे बघितलंही नाही. आम्ही तशाच पाड्यावर परत आलो.

"अजून नाय आला?" लखमीमावशीच्या हातातला भारा खाली आला. "सकालीच गेला वर माथ्यावर. हितं माणसांचा गलबला हाय, आज दिवस बुडंतवर वर एकला बसतू, बोलला. भाकर देत होतू तर नाय घेतली."

दुपार कलली होती. डोंगराची सावली खाचरांवर उतरायला लागली होती. लखमीमावशीने एक अक्षर न बोलता कमरेला पदर खोचला आणि खळ्यावरच्या बायांना, बाप्यांना हाक दिली. झोडणी टाकून सगळे निघाले. कुणी आढेवेढे घेतले नाहीत, कुणी "येईल की" म्हणालं नाही. आई खाली थांबतील असं मी धरून चालले होते. त्या माझ्या पुढे होत्या.

मग त्या डोंगरात हाका सुरू झाल्या. एका अंगाने "बाबाऽऽ", दुसऱ्या अंगाने "म्हाताऱ्याऽऽ", मी "अण्णाऽऽ". आईंनी आयुष्यात नवऱ्याला नावाने हाक मारलेली नाही, त्यामुळे त्या "अवोऽऽ" करत होत्या. रानात "अवो" म्हटल्यावर कुणी ओ द्यावी? एक वानर तेवढं थांबून बघायला लागलं. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती उत्तर न येण्याची. ज्या माणसाचा आवाज बी विंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पोचतो, तो ओ देत नाही, म्हणजे तो ओ देण्याच्या स्थितीत नाही. त्या बाजूला बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

ओहोळाच्या उतारावर मला चप्पल मिळाली. एकच. आईंनी ती माझ्या हातातून घेतली.

"अंगठा तुटलाय," त्या म्हणाल्या. "नवी घ्या म्हणून गणपतीपासनं सांगतेय. कधी ऐकलंय?" आणि चप्पल त्यांच्या हातातून पायाशी पडली. त्या तिथेच दगडावर बसल्या, जरीकाठाच्या साडीसकट. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसती धरून ठेवली. वारा पडला होता. सागाचं एक मोठं पान फिरत फिरत आलं आणि त्यांच्या मांडीवर बसलं, तरी त्यांनी ते झटकलं नाही.

मग अचानक त्या ताठ झाल्या, पदर सारखा केला आणि लखमीमावशीला, पण डोंगर ऐकेल इतक्या मोठ्याने, सांगायला लागल्या, "लखमीबाई, तुम्हांला ठाऊक न्हाई. ह्यांच्या कारखान्यात एकदा वाफेचा व्हॉल्व्ह अडकला होता!"

मला वाटलं, आईंचं काही खरं नाही. लखमीमावशीही घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"सगळे पळाले! मग त्या जाधवांनी तो बंद केला! जाधव लई धाडसाचा माणूस! आमचे हे त्या वेळी कँटीनमध्ये चहा पीत बसले होते!"

आमच्या खालच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, काहीतरी हललं. एक बाप्या कुऱ्हाड सावरून पुढे झाला. जाळी आणखी जोरात हलली, आणि तिच्यातून तो आवाज आला, ज्याची आम्ही इतका वेळ वाट बघत होतो.

"कोण जाधव? जाधव रजेवर होता!"

आईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच ओरडल्या, "मग शिंदे असतील!"

"शिंदे पहिला पळाला! पोतं मी गुंडाळलं! मी!"

धावत खाली गेलो. अण्णा जाळीमागच्या खड्ड्यात बसले होते. घोटा सुजून भोपळा झालेला, अंगाला खाजकुयली लागलेली, दोन्ही हातांनी मान आणि पाठ खाजवत होते. जाळी हलत होती ती त्यामुळे. पण चेहरा संतापलेला. "चुकीचं सांगतेस लोकांना!" हे त्यांचं आईंशी कित्येक दिवसांतलं समोरासमोरचं पहिलं वाक्य.

लखमीमावशी कमरेवर हात ठेवून उभी. "म्हाताऱ्या, आमी येवढ्या हाका मारल्या. आयकू नाय आल्या?"

"आल्या ना."

"मंग?"

अण्णा थोडे चाचरले. "मौन होतं. सूर्यास्तापर्यंत."

लखमीमावशीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग वर उन्हाकडे, आणि मग ती खाली बसूनच हसायला लागली. तिच्यामुळे दुसरी हसली, मग सगळेच. कुऱ्हाडवाल्या बाप्याने डोळे पुसले. फक्त आई हसत नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसून अण्णांच्या मानेवरची कुसं पदराने एकेक काढत होत्या. जरीच्या पदराने. "हलू नका," एवढंच म्हणत होत्या.

बाप्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. "बालंतिणीला असंच नेतू आमी रस्त्यावर," लखमीमावशी सहज म्हणाली. डोलीत पडल्या पडल्या अण्णा सूचना देत होते. डावीकडे घ्या. दगड आहे. पुढचे, वाकू नका. पाड्यावरची माणसं त्या डोंगरात जन्मलेली. त्यांनी एकदाही त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

खळ्यावर शेकोटीपाशी त्यांना टेकवून बसवलं. घोट्याला कसलासा पाला वाटून बांधला. नव्या तांदळाचा भात आणि सातपाटीच्या सुकटीची चटणी आमच्यापुढे आली. नव्या भाताला एक वास असतो, दूध उतू जाताना येतो तसा. आई लखमीमावशीबरोबर हात धुवायला गेल्या तेव्हा अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशाली, मौनाचं खरं होतं. पहिल्या एकदोन हाकांपर्यंत."

"आणि मग?"

त्यांनी भाताचा घास केला, पण तोंडात घातला नाही. "चारी बाजूंनी मला हाका येत होत्या गं. काम टाकून आलेली माणसं. मला वाटलं, अजून थोडं ऐकू. पुन्हा इतक्या जणांनी कधी बोलवलं, न बोलवलं." घास ताटात परत गेला. "आणि ती. ती तर कधी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. तिचा आवाज एवढा आहे, हे मला माहीतच नव्हतं."

टाळ्या वाजवणारी माणसं आणि हाका मारणारी माणसं ह्यांच्यातला फरक मला त्या ताटावर बसून कळला. आणि अण्णांना तो जाळीत बसून कळला होता, अंगाला खाज सुटलेली असताना.

त्यानंतर ते सोसायटीच्या कमिटीत परत गेले नाहीत. भोंगा आमच्या मुलीने शाळेच्या नाटकाला नेला आणि तो परत आला नाही; आला नाही म्हणून कुणी चौकशीही केली नाही. पण दर वर्षी कापणी लागली की अण्णा खळ्यावर जातात आणि झोडणी संपेपर्यंत राहतात. आईही अधूनमधून जाऊन राहतात. त्यांचं तिथे काय काम असतं ते मला नीट कळलेलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या आणि लखमीमावशी दिवसभर आपापल्या नवऱ्यांची तुलना करतात आणि निकाल पुढच्या वर्षावर ढकलतात. मग धान घरात जातं, आणि पाड्यावरची बरीच घरं कडी लावून वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. अंगणात पालापाचोळा साचतो. ज्याला रान म्हणतात ते तेव्हा कुठे सुरू होतं. अण्णांना वानप्रस्थासाठी हवी होती तशी अगदी निर्मनुष्य शांतता तेव्हा तिथे असते. तेव्हा ते तिथे एक दिवससुद्धा राहत नाहीत.

त्या शुक्रवारी मात्र परत निघायचा प्रश्न होता. स्कूटरवर तिघं बसणं शक्य नव्हतं. पाड्यावरच्या एकाने अण्णांना आणि आईंना मोटरसायकलवर एकेक करून फाट्यावर सोडलं आणि तिथे बोईसरची जीप मिळाली. मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकं, त्यांवर सुट्टी संपवून परत निघालेले कारखान्यांतले कामगार. मी स्कूटरवर जीपच्या मागे. दिवेलागण झाली होती. माझ्या हेडलाइटच्या उजेडात आतलं सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. पण अण्णांनी एका हाताने दुसऱ्या हाताभोवती काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं तेव्हा मला कळलं की व्हॉल्व्ह अडकलाय. समोरचे बिहारचे, यूपीचे कामगार तोंड उघडं टाकून ऐकत होते. एका वळणावर तो हात हवेतच थांबला. आईंचं डोकं अण्णांच्या खांद्यावर कललं होतं. खड्डा आला की अण्णा हवेतला हात खाली आणून त्यांच्या कपाळाला आधार देत, रस्ता सपाट झाला तरी हात तसाच राहू देत. गोष्ट अर्धीच राहिली असावी. कामगार एकमेकांकडे बघत होते.

बोईसरच्या नाक्यावर जीप थांबली. सगळे उतरले. हे दोघं उतरेनात. मी स्कूटर लावून मागे गेले. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "बाबा, उतरो. बोईसर आ गया."

अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि कुजबुजले. अण्णांची कुजबूज पलीकडच्या पानवाल्यानेही वळून ऐकली.

"हळू बोल. झोपलीय ती."

"झोपले न्हाई," आई डोळे न उघडता म्हणाल्या. आणि डोकं तिथेच ठेवलं.